बिनसर्दीचा वाफारा

१

साठी उलटली तरी हरिश्चंद्र मयेकरांच्या कानात आईचा आवाज होता तसाच होता. पेजेसारखा कोमट, किंचित घोगरा. जात्याचा खुंटा धरून ती गायची,

अढीमधी आंबा बाई, पेंढियानं झाकीला
वासानं सांगितीलं, कुठं मीया राखीला

आई गेली. जातं अंगणात पालथं पडलं, त्यावर आता मांजर ऊन खात बसतं. पण पोलिसात जमादार असताना कुणी काही दडवलं की हरिश्चंद्र आधी ती ओवी मनात घोळवत. सोबतचे शिपाई हसत. मग चोरीचा पितळी हंडा शेणींच्या ढिगातून निघाला की तेच हसू गिळत.

२००९ सालचा कार्तिक चालला होता. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती, वृंदावनाभोवती उसाची कांडकी आणि चुरमुरे अजून पडलेले होते. निवृत्त जमादार अबोलीला पाणी घालत असताना फाटक करकरलं. बघतात तर आफरीन. त्यांच्या मित्राची, रमजान मुकादमची धाकटी मुलगी. डी.एड. होऊन शाळेच्या नेमणुकीची वाट बघत घरी बसलेली, आणि हसल्याशिवाय कधी 'काका' न म्हणणारी. आज तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काका, लवकर चला. महिपतकाका कायमचे गावाला चालले."

"का गो? काय झालं?"

"अब्बांनी त्यांना चोर म्हटलं. सगळ्यांदेखत."

हरिश्चंद्रांच्या हातातला तांब्या वाटेतच थबकला. महिपत म्हणजे मुकादमांच्या टेम्पोचा ड्रायव्हर. दुकानाची किल्ली ज्याच्या करगोट्याला वर्षानुवर्षं बांधलेली, तो. आणि चोर?

"चोरीला गेलं काय?"

"अब्बांची कांडी. पण महिपतकाकांनी ती घेतलीच नाही, काका."

एवढं बोलून तिनं ओठ मिटले. उतू जाणाऱ्या भांड्यावर घाईनं झाकण ठेवावं, तसे.

२

रमजानचं तारुण्य बोटीवर गेलं आणि पुढची वर्षं कुवेतमध्ये. परतल्यावर त्यानं मिरकरवाडा बंदराजवळ दोर-जाळ्यांचं दुकान काढलं. खाली दुकान, वर घर, मागे जाळी रचायची काळोखी खोली. दुकानाच्या एका कोपऱ्यात पुतण्या अद्नाननं कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे थाटला होता.

बोटीवरून रमजाननं दोन गोष्टी आणल्या होत्या. गडगडाटी हसू आणि सिगरेट. यंदा छातीत कळ आली, डॉक्टरांनी सिगरेट बंद केली, आणि दुबईच्या थोरल्या जावयानं, तन्वीरनं, एक नवलाची वस्तू धाडली. विजेवर चालणारी. पेनाएवढी, काळीभोर. ओढली की टोकाला निळा दिवा लागे आणि तोंडातून धुराऐवजी आंब्याच्या वासाची वाफ निघे. सोबत तिच्यात घालायच्या रसाच्या इवल्या बाटल्या. घरात तिला सिगरेट कुणीच म्हणत नसे. कांडी म्हणत.

हरिश्चंद्र पोचले तेव्हा रमजान गल्ल्यामागे बसला होता. बोटांत खरी सिगरेट, अजून न पेटवलेली. समोर काडेपेटी.

"हरी, सांगून ठेवतो. कांडी मिळाली नाही तर ही पेटणार."

"पेटव की. मग झुबेदाभाभी तुला पेटवेल."

"मस्करी नको रे. जीव तडफडतोय माझा."

बाहेर पायरीवर महिपत बसला होता. शेजारी पत्र्याची ट्रंक, आणि पायरीच्या मधोमध, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येईल अशी, दुकानाची किल्ली काढून ठेवलेली. मंडणगडची दुपारची एसटी धरायची, असं त्यानं सकाळीच जाहीर केलं होतं.

"काल रात्री कांडी नेहमीसारखी इथंच खणात ठेवली," रमजान सांगू लागला. "आज दाभोळचे दोर भरायला सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं कुणी? यानं. या छपराखाली विड्या ओढतो कोण? हाच. झालं की मग!"

"आणखी कोण आलं होतं?"

"अद्नान आला. ईशा आली, ती त्याच्याकडं लोकांचे परीक्षेचे फॉर्म भरून देते ना, ती पोरगी. पण त्यांनी जन्मात सिगरेट हातात धरली नाही. आणि आमची आफरीन तर माझी राखेची वाटी चिमट्यानं उचलायची! ही चोरी ओढणाऱ्याचीच, हरी."

गणित सरळ होतं. सरळ गणिताचं हरिश्चंद्रांना नोकरीभर भय वाटत आलं होतं.

तेवढ्यात रमजानची बायको झुबेदा वाफाळतं पातेलं घेऊन आली. "भावोजी, तुम्हीपण घ्या घोटभर काढा. या घराला सर्दीची साथ लागलीय. अद्नान, ईशा, आफरीन, तिघांना एकदम! सारखी आपली मागच्या खोलीत वाफारा घेत बसतात. 'वाफाऱ्याला येतेस?' 'चल गं वाफाऱ्याला.' आलं नि गवती चहा उकळून उकळून माझे हात दुखले."

"उतार नाही अजून?"

"नाक एकाचंही वाहत नाही, पण वाफारा काही सुटत नाही!"

हरिश्चंद्रांनी काढा संपवला. पेला खाली ठेवताना सहज विचारावं तसं विचारलं, "वाफाऱ्याचं पाणी कुठं तापवतात ही, भाभी?"

"मागंच की." झुबेदा म्हणाली, आणि पातेलं हातात धरून उभीच राहिली. मागच्या खोलीत ना चूल होती, ना स्टोव्ह. नायलॉनच्या जाळ्यांत विस्तव नेणार कोण?

३

हरिश्चंद्र आधी पायरीवर येऊन महिपतच्या शेजारी टेकले.

"गाडीला वेळ आहे अजून."

"हाय."

"चोर म्हणून गावात शिरणार?"

"ता नाव मी लावून घेतलंय? शेटनी लावलान." महिपतनं ट्रंकेवरची धूळ पुसली, नव्हती तिथलीसुद्धा. "गावात इचारतील, बंदरावरचा काम सोडून कशाला आलास? मी काय सांगू? म्हातारा झालो नि चोर ठरलो?"

त्याचा आवाज फाटला. वरून नारळाची एक वाळकी झावळी सळसळत खाली आली, तिच्याकडे दोघंही गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

"कांडी कधी ओढून बघितलीस?"

"येकदा. शेटनीच दिलान. मना काय जमला नाय." महिपतनं तोंड वाकडं केलं. "घशाला लागत नाय नि उरात उतरत नाय. आंबा काय ओढायचा असतो, जमादार? आंबा चोखायचा!"

हरिश्चंद्र खो खो हसले. महिपतलाही राग विसरून हसू फुटलं, मग राग आठवून त्यानं ते आवरलं.

पण त्या हसण्यात रमजानचं गणित उलटं फिरलं होतं. विडीवाल्याला त्या कांडीत गोडी नव्हती. मुरलेल्या तोंडाला ती फिकी. तिची भूल पडायची तर कोऱ्या तोंडालाच.

"महिपत, कांडी कुणी घेतली ते तुला ठाऊक आहे."

महिपतनं वरच्या खिडकीकडे एकदाच पाहिलं. "या घरातली पोरां मी खांद्यावरनं शाळंत नेलेली हायेत. माझ्या तोंडातना काय निघायचा नाय."

४

जाळ्यांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि हरिश्चंद्रांचं नाक जागं झालं. समुद्राचा खार, सुक्या मासळीची आठवण, नव्या नायलॉनचा कोरडा वास. आणि या सगळ्यांच्या वर, नाकात नथ चमकावी तसा, आंबा.

कार्तिकात आंबा! झाडांना अजून मोहोर नाही.

त्यांनी डोळे मिटले. आईची अढी आठवली. तिच्या वासात आंबा कधी एकटा नसायचा. पेंढ्याची ऊब असायची, देठाच्या चिकाचा तिखटपणा असायचा. इथं आंबा होता आणि पेंढा नव्हता. झाडावरून न उतरलेला, अढीत न निजलेला आंबा.

कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग तीन ठिकाणी बसून बसून चेपला होता. ढिगाआड रसाची एक रिकामी बाटली. ती खिशात टाकून त्यांनी अद्नान आणि ईशाला हाक मारली.

"सर्दी कशी आहे?"

अद्नान लगेच खोकला.

"झकास. नाटकात काम द्या रे याला कुणीतरी. पण बाबा, सर्दी नाकात असते."

ईशाला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "काका, आम्ही कांडी घ्यायचो. पण प्रत्येक वेळी खणात परत ठेवायचो. आज सकाळी ती खणात नव्हतीच. देवाशपथ."

"सिगरेट ओढायची हौस होती तर टपरीवर मिळाली असती."

"सिगरेट? शी!" ईशा खरोखरच दुखावली. "मी कशाला सिगरेट ओढीन? बोटांना वास येतो, आई दारातच ओळखेल. हे तसलं नाही, काका. हे आपलं... गोड आहे. मी तर पहिल्यांदा नुसता तो निळा दिवा लावून बघायला घेतली."

"आणि तू रे?"

अद्नान जाळ्याची गाठ नखानं उसवत बसला. "सगळे दोस्त संध्याकाळी जेटीवर धूर सोडत उभे असतात. मी मधे चहाचा ग्लास घेऊन. 'ए दूधपित्या' म्हणतात मला. सिगरेट ओढली तर चाचा तंगडी मोडतील. पण कांडी काय, चाचांचीच. आधी सिगरेट पेटवली की आम्हाला हाकलायचे, 'धुरात बसू नका रे.' कांडी आल्यावर स्वतः हाक मारून जवळ बसवायला लागले. 'बसा, ही नुसती वाफ.' त्यावरूनच आम्ही नाव पाडलं, वाफारा. वाफारा तर काका, चाचीसुद्धा देते. त्यात वाईट काय?"

हरिश्चंद्रांनी खिशातली बाटली बाहेर काढली. कोकणात ज्या घरात जन्म घ्यावा त्या घरात वाफारा मिळतो. चादरीखाली घाम, वरून आईचा हात, 'अजून थोडा वेळ बस, बाळ.' त्या शब्दाला कुणी कशाला भ्यावं? पोरं चोरवाटेनं गेलीच नव्हती. ती पायाखालच्या ओळखीच्या वाटेनं गेली होती.

त्यांनी बाटली झरोक्याच्या उन्हात धरली. "ईशा, तू दिवसभर लोकांचे इंग्रजी फॉर्म भरतेस. हे खालचं बारीक वाच."

ईशानं बाटली फिरवली. इतक्या दिवसांत ती कुणी फिरवलीच नव्हती, वरचं आंब्याचं चित्र पुरेसं होतं. तिचे ओठ हलले. "निकोटीन."

"म्हणजे तंबाखूतलं?" अद्नानची बोटं गाठीवर थांबली. "पण आम्ही तर ओढतच नाही..."

"ते त्या निकोटीनला कुठं ठाऊक?" हरिश्चंद्र हळूच म्हणाले. मग तिसऱ्या चेपलेल्या जागेवर त्यांनी हात ठेवला. "ही बैठक कुणाची?"

दोघांनीही ओठ मिटले. उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण ठेवावं, तसे. आणि ते मिटलेले ओठ सकाळी आपण आणखी कुठं पाहिले, हे जमादारांना लख्ख आठवलं.

५

आफरीन वर सूपभर तांदूळ पुढ्यात घेऊन निवडत होती. खडे सुपात तसेच होते आणि तांदूळ खाली सांडत होते.

"पोरी, सकाळी तू मला काय म्हणालीस, आठवतं?"

"काय, काका?"

"'महिपतकाकांनी ती घेतलीच नाही.' अंदाजानं बोलणारं माणूस म्हणतं, घेतली नसेल. 'घेतलीच नाही' तोच म्हणतो, ज्याला घेणारा हात ठाऊक असतो. एक 'नसेल' म्हणायचं राहिलं, तिथंच सापडलीस बघ. शिक्षिका होणार ना तू?"

आफरीननं सूप बाजूला ठेवलं.

हरिश्चंद्रांनी मान वर केली. पोटमाळ्यावर गेल्या हंगामातल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. त्यांना हसू आलं. "आंब्याचा वास आंब्याच्या पेटीत कोण हुंगणार, असं वाटलं ना? डोकं चांगलं चाललं. पण अगो, मृग गेला की पेटीत आंबा राहत नाही. उंदीर राहतो."

शिडी लावून ते एकेका पेटीवर वाकले. धूळ. उंदीर. धूळ. आणि मग एका पेटीतून ऊबदार, जुन्या पेंढ्यात गुरफटलेला आंबा. आता मात्र पेंढाही होता. वासानं सांगितीलं, कुठं मीया राखीला. जिथं हात घातला तिथंच कांडी लागली.

खाली उतरून त्यांनी ती आफरीनच्या तळहातावर ठेवली. "ही मीही नेऊन देऊ शकतो. जाळ्यात सापडली, दोरात अडकली, काहीही सांगेन. महिपतचं नाव पुसून निघेल. पण तुझ्या तोंडून निघालं तर लखलखेल."

"ते मला जिन्यात भेटले होते सकाळी," ती पुटपुटली. "माझ्या मुठीत बघितलं त्यांनी. तरी अब्बांसमोर एक शब्द बोलले नाहीत."

नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. खाली पायरीवर ट्रंकेची कडी खणखणली. आफरीन उठली, आणि या खेपेला चपलाच न घालता जिना उतरली. मागोमाग हरिश्चंद्र.

कांडी गल्ल्यावर ठेवली गेली, तसा रमजानचा चेहरा उजळला. "मिळाली! हरी, शाबास! कुणी...?"

"शेट," महिपत ट्रंक हातात घेऊन दारात उभा होता, "माझ्याच टेम्पोत ऱ्हायली असंल. चुकून."

"महिपतकाका, गप्प बसा तुम्ही," आफरीन म्हणाली. आवाज कापला, पण मोडला नाही. "अब्बा, मी घेतली."

"तू? तू तर राखेची वाटी चिमट्यानं..."

"ती राख होती. ही वाफ. तुम्हीच म्हणायचात." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नेमणूक येत नाही, अब्बा. मैत्रिणी कुठं कुठं गेल्या, कामाला लागल्या. माझी सकाळ होते, संध्याकाळ होते. त्या खोलीत तिघं बसलो, कांडी हातोहात फिरली, हसलो, की वाटायचं माझाही दिवस कुठंतरी चाललाय."

मग रमजान उठला. गल्ल्यामागून बाहेर आला, पायरीशी छातीवर हात ठेवून वाकला, आणि किल्ली उचलून महिपतच्या हातात दिली.

"जीभ घसरली रे माझी."

महिपतनं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली, जणू ती बदलून आली असावी. नाक्यावर एसटी सुटल्याचा आवाज आला. त्यानं ट्रंक दाराआड सरकवली. "दाभोळचे दोर भरायचे ऱ्हायलेत, शेट. पोरांना हात लावायला सांगा. सर्दी नाय त्येंना."

झुबेदाच पहिली हसली. हातातलं पातेलं हिंदकळलं, काढा लादीवर सांडला, आणि मग मागच्या दाराशी आलेले अद्नान नि ईशा, जमादार, सगळेच हसले. रमजानचं बोटीवरचं हसूही कितीतरी दिवसांनी गडगडलं. हसता हसता त्यानं ती खरी सिगरेट मोडून काढ्यात टाकली.

"बरं, पण मला एक कळेना," तो आफरीनला म्हणाला. आवाजात आता धार नव्हती. "रोज घेऊन परत ठेवायचीस. मग आजच लपवलीस का?"

पुन्हा ते ओठ मिटू लागले. हरिश्चंद्रांनी तिच्याकडे पाहिलं नाही, दारातून दिसणाऱ्या खाडीकडे पाहिलं. असं पाहिलं की माणसाला बोलणं सोपं जातं.

"आज जाग आली ना, अब्बा," आफरीन म्हणाली, "तेव्हा चहाच्या आधी, नमाजाच्या आधी, तुमच्याही आधी मला ती आठवली. जिना उतरून केव्हा आले ते मलाच कळलं नाही. ओढून झाल्यावर घाबरले आणि लपवली. पण मघाशी तांदूळ निवडत होते, तर डोळे सारखे माळ्याकडेच जात होते." तिनं कांडी बापाच्या दिशेनं सरकवली, आणि तिच्यावरचा हात काही तिला उचलवेना. "मला एकटीला सुटत नाहीये, अब्बा. तुम्ही सोडाल तेव्हा मलाही सोबत घ्या."